पुरात विरघळलेली नोंदवही : कोल्हापुरातील दोन पेठसंग्रहालये पुन्हा उघडताना

कोल्हापुरात संग्रहालयांची वानवा नाही. टाउन हॉलमधील शासकीय वस्तुसंग्रहालय १९४६ पासूनचे असून ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथे आहे. न्यू पॅलेसमध्ये छत्रपती घराण्याचा संग्रह आहे, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय आहे. या लेखातील दोन संग्रहालये त्या रांगेत बसणारी नाहीत. एक शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला असलेल्या जुन्या वाड्यात आहे. दुसरे मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका तालमीच्या माडीवर आहे. दोन्ही एकाच स्थानिक इतिहास मंडळाची आहेत. मंडळाचे आणि संबंधित माणसांचे नाव येथे दिलेले नाही, कारण ज्या चुकांविषयी लिहायचे आहे त्या छोट्या मंडळांत सर्रास होतात आणि नाव दिले की त्या एकट्या याच मंडळाच्या ठरतात. प्रस्तुत लेखक नोंदवहीच्या कामासाठी नेमलेल्या समितीत होता. त्यामुळे पुढे नोंदवहीला जास्त जागा मिळाली आहे, आणि ती मिळायलाच हवी असे त्याचे मत आहे.

संग्रह कसा जमला

राजर्षी शाहूंचा जन्म २६ जून १८७४ चा; त्यामुळे १९७४ हे जन्मशताब्दीचे वर्ष कोल्हापुरात उत्साहाचे होते, आणि त्या उत्साहाच्या भरातच काही शाळामास्तर, निवृत्त कारकून आणि एक-दोन वस्ताद यांनी मिळून हे मंडळ उभे केले. पेठेतील घराघरांतून जुन्या वस्तू मागून आणणे हा त्यांचा पहिला कार्यक्रम होता. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा संस्थानी खाती गुंडाळली गेली, पण खात्यांतील माणसे पेठांतच राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पट्टे, बिल्ले, नेमणुकीचे हुकूम आणि हिशेबाच्या वह्याही घरांतच राहिल्या. पंचवीस वर्षांनी मंडळाचे लोक दारात आले तेव्हा अडगळ मोकळी व्हावी म्हणून म्हणा किंवा आजोबांचे नाव राहावे म्हणून म्हणा, लोकांनी त्या काढून दिल्या.

वाड्यातील संग्रह अशा रीतीने कागदांचा आणि कामाच्या हत्यारांचा झाला. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, संस्थानच्या स्टॅम्पपेपरवरील खरेदीखते, वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलांची घरी लिहिलेली पत्रे, गुऱ्हाळातली काहील, चप्पल शिवणाऱ्या कारागिरांच्या रापी आणि आऱ्या, आणि जवळच्या एका गावातून उचलून आणलेला एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड. तालमीच्या माडीवर मुदगल, करेल, दांडपट्टे, कुस्तीतील पदके आणि पैलवानांची छायाचित्रे होती. तिथेच एका कोपऱ्यात सिनेमाचे सामान होते, आणि त्याचे बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटले तरी पेठेत वाटत नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरातच उभी राहिली. १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली, तरी इतर स्टुडिओ इथे चालत राहिले. या स्टुडिओंना लागणारे सुतार, शिंपी, रंगारी आणि हमाल पेठांतूनच जात, आणि दंगलीच्या दृश्यात उभे राहायला तालमीतल्या पोरांखेरीज दुसरे कोण मिळणार होते?

दोन पूर आणि मधली टाळेबंदी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २०१९ मध्ये वाड्याच्या तळमजल्यावर पाणी कित्येक दिवस उभे राहिले. पूर्वी कधी इथपर्यंत पाणी आलेले नाही, या एकाच आधारावर कागदांची कपाटे तळमजल्यावर ठेवलेली होती.

पाणी ओसरल्यावर जे झाले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. ओला कागद पडून राहिला तर दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी धरू लागते; कार्यकर्ते आत पोहोचले तोवर ती मुदत संपली होती. त्यांनी घाईने, चांगल्या हेतूने, सगळे कागद गच्चीवर नेऊन उन्हात पसरले. ऊन मिळाले तेवढ्यात कागद वाकडेतिकडे आकसले, छायाचित्रांवरचा थर तडकला, आणि एकमेकांना चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवताना कित्येकांचे चेहरे दुसऱ्याच्या पाठीवर निघून गेले. चिकटलेली छायाचित्रे पुन्हा स्वच्छ थंड पाण्यात बुडवून सावकाश सुटी करायची असतात, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. भिजलेल्या वस्तूला पुन्हा पाण्यात घालायचे ही गोष्ट मनाला पटणारीही नाही.

मोडीचे रुमाल मात्र बऱ्याच अंशी वाचले. काजळ आणि गोंद यांची शाई पाण्यात विरघळत नाही. ओली असताना चोळली तर पसरते, पण नुसत्या भिजण्याने जात नाही. खळ देऊन घोटलेला जुना हातकागदही गिरणीच्या कागदापेक्षा पाण्याला अधिक दाद देत नाही. याउलट मंडळाने स्वतः छापलेल्या गुळगुळीत कागदाच्या स्मरणिकांच्या अक्षरशः विटा झाल्या. आणि मंडळाची दाखल नोंदवही, जिच्यात कोणती वस्तू कोणी, कधी, कोणत्या अटीवर दिली हे स्थापनेपासून लिहिलेले होते, ती खालच्या टेबलाच्या खणात होती. ती फाउंटन पेनच्या निळ्या शाईने लिहिलेली होती. पाण्यातून काढली तेव्हा पाने शाबूत होती, रेघा शाबूत होत्या, आणि मजकुराच्या जागी फिकट निळा डाग होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे अक्षर वाचता येत होते आणि मंडळाच्या पहिल्या चिटणीसांचे येत नव्हते.

त्यानंतर मार्च २०२० ची टाळेबंदी आली आणि वाडा तसाच कुलूपबंद राहिला. २०२१ चा पूर आला तेव्हा कागद माडीवर होते, पण छप्पर गळत होते. या वेळी निदान एक गोष्ट बरोबर झाली: भिजलेली बंडले पिशव्यांत बांधून एका ओळखीच्या दूध व्यावसायिकाच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवण्यात आली. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि कामाला माणसे मिळतील तसे एकेक बंडल बाहेर काढून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानापानांत टीपकागद घालून ते वाळवता येते. हे काम अनेक महिने चालले. श्रीखंडाच्या डब्यांशेजारी खरेदीखते ठेवू देणाऱ्या त्या गृहस्थांचे आभार मंडळाच्या इतिवृत्तात नोंदले आहेत, आणि इतिवृत्ताच्या इतिहासात अशी नोंद दुसरी नसावी.

नोंदवही

संग्रहालये पुन्हा उघडायची असे ठरले तेव्हा कार्यकारिणीत दोन मते होती. बहुसंख्यांचे म्हणणे असे की आधी वाड्याचे छप्पर, रंग आणि काचेची कपाटे करावीत, एखाद्या मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन करावे आणि मग उरलेली कामे सवडीने उरकावीत, कारण डोळ्यांना काही दिसल्याशिवाय देणगीदार हात सैल सोडत नाहीत. अल्पमत असे होते की आपण काय उघडणार आहोत हेच आपल्याला माहीत नाही. छपराला पर्याय नव्हताच, ते आधी झाले. कपाटे मात्र थांबवण्यात आली, आणि ती थांबली यामागे तत्त्वापेक्षा एक प्रसंग अधिक कारणीभूत होता. पेठेतील एक काकी एके दिवशी वाड्यात आल्या आणि सासऱ्यांनी ठेवायला दिलेला संस्थानी बिल्ला आता परत द्यावा, नातवाला दाखवायचा आहे, असे त्यांनी सांगितले. मंडळाकडे एकाच प्रकारचे अनेक बिल्ले होते. त्यांतला त्यांचा कोणता, तो देणगी होता की ठेव, यांपैकी कशाचेही उत्तर कोणाला देता आले नाही. काकी रागावल्या नाहीत; बसल्या, चहा घेतला आणि निघून गेल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर कदाचित इतके लागले नसते.

त्यानंतर नोंदवही नव्याने बांधण्याचे काम सुरू झाले. जुन्या नोंदी मिळवायला चार वाटा होत्या. पहिली म्हणजे पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे देणाऱ्याला पावती दिल्यावर पुस्तकात राहणाऱ्या प्रती. त्या एका माजी खजिनदारांच्या घरी माळ्यावर सापडल्या, आणि त्या कार्बन कागदावरून उमटलेल्या असल्यामुळे वाचता येत होत्या. दुसरी वाट इतिवृत्तांची. अमुक यांनी अमुक वस्तू दिल्याबद्दल आभाराचा ठराव, अशी वाक्ये त्यांत विखुरलेली होती. तिसरी, जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे: हार घातलेल्या पाहुण्यांच्या मागे कपाटात काय दिसते, हे भिंग घेऊन पाहावे लागले. चौथी आणि सर्वांत मोठी वाट म्हणजे घरोघरी जाणे.

घरोघरी जाण्याचे काम तालमीच्या पोरांनी केले, आणि ते दुसऱ्या कोणाला जमले नसते. इतिहास मंडळाचा माणूस दारात उभा राहिला तर लोक वर्गणीची पावती शोधतात. तालमीतला पोरगा आला तर त्याला कोणाचा कोण म्हणून आधी ओळखतात आणि मग आत बोलावतात. प्रत्येकाच्या फोनमध्ये वस्तूंची छायाचित्रे होती. घरातील वडीलधाऱ्यांना ती दाखवायची, ते जे सांगतील ते ध्वनिमुद्रित करायचे, आणि सांगणाऱ्याने ती वस्तू स्वतः पाहिली होती की ऐकले आहे एवढे वेगळे लिहून घ्यायचे. हा शेवटचा भेद करायला पोरांना शिकवावे लागले; एकदा कळल्यावर ती समितीतील ज्येष्ठांपेक्षा अधिक काटेकोर निघाली.

मिळालेल्या माहितीवरून संग्रहाचे तीन भाग पडले. ज्याची देणगी सिद्ध होते ते, जी ठेव म्हणून ठेवायला दिली होती ती, आणि ज्याविषयी काहीच सांगता येत नाही ते. तिसऱ्या भागाला ‘अ’ म्हणजे अज्ञात असे अक्षर देऊन वेगळी मालिका केली. त्या वस्तूंना अंदाजाने कोणाचे तरी नाव चिकटवून यादी पुरी करण्याचा मोह फार होता. तो टाळला, ही समितीची एकमेव गोष्ट आहे जिचा या लेखकाला निखालस अभिमान वाटतो.

क्रमांक घालण्याची पद्धतही बदलली. पूर्वी वस्तूवर थेट रंगाने आकडा काढत. आता धातूवर आणि लाकडावर आधी पॅरालॉइड बी-७२ या पुसता येणाऱ्या लाखेचा पारदर्शक थर, त्यावर आकडा आणि पुन्हा वर तोच थर. कागदावर मऊ पेन्सिल. कापडावर सुती फितीचा तुकडा दोन-चार टाक्यांनी अडकवलेला. नवी नोंदवही रंगद्रव्याच्या, पाण्याने न जाणाऱ्या काळ्या शाईने लिहिली जाते, तिची छायाप्रत तालमीत असते आणि तिसरी प्रत संगणकावर. दर महिन्याला एका रविवारी दोन्ही बाजूंनी पडताळा घेतात: यादीतल्या काही नोंदी उचलून वस्तू जागेवर आहे का पाहतात, आणि कपाटातल्या काही वस्तू उचलून त्या यादीत आहेत का पाहतात. केवळ यादीच्या बाजूने पडताळा घेतला तर यादीत नसलेली वस्तू कधीच सापडत नाही.

परत काय द्यायचे

ठेवीच्या वस्तूंविषयी मंडळाने तालमींच्या फलकांवर आणि वर्तमानपत्रात सूचना दिली: ज्यांची ठेव असेल त्यांनी ओळख पटवून ती न्यावी, किंवा देणगी म्हणून लिहून द्यावी, किंवा ठराविक मुदतीसाठी पुन्हा ठेव करावी. कार्यकारिणीत याला विरोध झाला. कपाटे रिकामी होतील अशी भीती होती. प्रत्यक्षात नेण्याची मुभा मिळाल्यावर बहुतेकांनी वस्तू नेल्या नाहीत. त्यांना वस्तूपेक्षा नाव नीट लिहिलेले हवे होते, आणि पूर्वीच्या पाट्यांवर ‘जुना बिल्ला’, ‘लोखंडी हत्यार’ याखेरीज काही नव्हते, याचे त्यांना खरे दुःख होते. काकींना स्थळप्रतीवरून त्यांचा बिल्ला सापडवून दिला. त्यांनी तो घरी नेला, आणि तो परत यावा असे कोणी सुचवलेले नाही.

वीरगळाचा प्रश्न अधिक अवघड होता. कोल्हापूरच्या आसपास वीरगळ पुष्कळ. करवीर तालुक्यातील बीडसारख्या गावी तर ते रांगेने दिसतात. मंडळाने आणलेला दगड पडीक जागेतून उचलला होता आणि तो वाचवला अशीच सर्वांची समजूत होती. घरोघरच्या फेरीत त्या गावातील माणसांशी बोलणे झाले तेव्हा कळले की गावात त्याला नारळ फुटत असे आणि तो गेल्याची बोच अजून आहे. परत दिला तर त्याला शेंदूर लागेल, तेल लागेल, पावसात उभा राहील. ठेवला तर तो कोणाच्या तरी पूर्वजाचा असूनही आपल्या दालनातला नमुना राहील. मंडळात यावर तीन सभा झाल्या. अखेर दगडाची सर्व बाजूंनी छायाचित्रे आणि मापे घेऊन, देवळाच्या आवारात छपराखाली चौथरा बांधण्याच्या बोलीवर, तो गावाला परत करण्याचे ठरले. हा निर्णय बरोबर आहे असे सगळ्यांना वाटत नाही. लेखकाला तो बरोबर वाटतो, पण संवर्धनाच्या दृष्टीने तो उत्तम नाही हेही मान्य करावे लागेल.

कायद्याची कामे

परत करण्याआधी कायदा आडवा आला. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमोल कलाकृती अधिनियमाखाली किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय मोलाच्या हस्तलिखितांना हीच मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. दगडी शिल्पासारख्या वस्तूची नोंदणी करावी लागते आणि नोंदवलेल्या वस्तूचा ताबा बदलला तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. वीरगळाची नोंदणी कधी झालीच नव्हती. म्हणून आधी नोंदणीचा अर्ज आणि मग हस्तांतर, हा क्रम धरावा लागला.

तालमीच्या माडीवर एका पैलवानाच्या छायाचित्राखाली बिबट्याचे कातडे होते. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे अशा वस्तूला मालकीचा दाखला लागतो, तो नव्हता. वन विभागाला लेखी कळवून कातडे त्यांच्या स्वाधीन केले. याविषयी चर्चा झाली नाही, आणि व्हायलाही नको होती.

सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत अडवणारे काम वेगळेच होते. सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज करायचा असतो. मंडळाने तो वर्षानुवर्षे केला नव्हता, त्यामुळे दप्तरी नोंदलेल्या विश्वस्तांपैकी काही हयात नव्हते आणि बँकेत सही कोणाची चालणार हाच प्रश्न होता. देणगी देणारे तयार असताना खाते गोठलेले, अशी अवस्था बराच काळ राहिली. थकलेला घरफाळाही याच काळात हप्त्यांनी भरला. नव्याने असे काम काढणाऱ्या मंडळांनी रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी आपल्या विश्वस्तांची नोंद तपासून घ्यावी.

वाडा पुन्हा उघडला

वाड्याच्या मांडणीत फार कल्पकता नाही, आणि तिची गरजही नव्हती. तळमजल्यावर काहील, जाती, दगडी वस्तू अशा पाणी सोसणाऱ्या गोष्टी. हत्यारे उचलता येतील अशा पेट्यांत. कागद आणि छायाचित्रे केवळ माडीवर. मूळ छायाचित्रांऐवजी त्यांच्या प्रती भिंतीवर लावल्या. कागद मांडलेल्या कपाटांत प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) आत ठेवला आहे. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी धरत नाही, पण कोल्हापूरच्या आषाढात ती तिथे ठेवणे वातानुकूलनाशिवाय अशक्य आहे; म्हणून पावसाळ्यात कागदांचे दालन बंद असते आणि तसे दारावर लिहिले आहे. डांबरगोळ्या काढून टाकल्या, त्याऐवजी दर आठवड्याला कपाटे उघडून झाडतात. वाळवी आणि कसर यांना माणसाची वर्दळ आवडत नाही.

वेळ बदलली, हा लहान वाटणारा निर्णय परिणामाने मोठा ठरला. पूर्वी अकरा ते पाच या वेळात, म्हणजे पेठेतील सगळे कामावर असताना, संग्रहालय उघडे असे. आता संध्याकाळी आणि रविवारी सकाळी ते उघडते. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पर्यटकांना इकडे वळवावे, असा आग्रह काहींनी धरला होता. मंडळाने तो मानला नाही. वाड्यात एका वेळी पंधरा माणसे नीट उभी राहू शकत नाहीत आणि गाडी लावायला जागा नाही. मोडीचे वाचन मात्र खुले केले आहे. पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गांत शिकलेले दोन-तीन जण रविवारी बसतात आणि लोक आपल्या घरचे कागदही वाचून घेतात. त्यातून मंडळाला कागद मिळत नाहीत, पण पेठेची माहिती मिळते.

पूर-योजना एका कागदावर मावते. बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की तळमजल्यावरच्या पेट्या माडीवर न्यायच्या. ४३ फुटांपूर्वी वीज तोडून कुलूप लावायचे. नोंदवहीची एक प्रत घेऊन बाहेर पडायचे. जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने धोका पातळी ओलांडली तेव्हा योजना पहिल्यांदा वापरली गेली. पेट्या वेळेत वर गेल्या. पाणी ओसरल्यावर खाली आणताना आऱ्यांची एक पेटी भलत्याच कपाटात गेली, आणि ती पुढच्या पडताळ्यात सापडली.

तालमीची माडी

मंगळवार पेठेतील संग्रहालय त्याच वर्षी गणेशोत्सवापूर्वी उघडायचे होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले ते नाट्यगृह जळत असताना केशवरावांची जयंती दुसऱ्या दिवसावर आली होती. खासबागेला लागूनच ते आहे. तालमीच्या माडीवरून ज्वाळा दिसत होत्या. मंडळातील काही जण रात्रभर रस्त्यावर उभे होते. दुसऱ्या आठवड्यातील सभेत उद्घाटनाची तारीख कोणी काढलीच नाही.

सभेत प्रश्न निघाला तो सिनेमाच्या डब्यांचा. माडीवर जुन्या चित्रफितींचे काही पत्र्याचे डबे होते. तत्पूर्वी ते केवळ शोभेचे मानले जात. १९५० च्या सुमारापर्यंत पस्तीस मिलिमीटरची चित्रफीत सेल्युलोज नायट्रेटवर असे. ती जुनी झाली की चिकट होते, तपकिरी भुकटी पडते, आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली जे तापमान होते तेवढ्यावर ती आपोआप पेटू शकते. एकदा पेटली की तिला बाहेरचा प्राणवायू लागत नाही, त्यामुळे पाण्याने विझत नाही. तालमीची माडी लाकडी, जिना एक, आणि खाली पहाटे पोरे जोर काढतात. डबे न उघडता तिथून हलवले, आणि १९६४ पासून पुण्यात असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी पत्रव्यवहार करून, जाणकारांच्या देखरेखीखाली मार्गी लावले. वायरिंग सगळे बदलले, दुसरा लोखंडी जिना बाहेरून बसवला. या दोन कामांत कपाटांसाठी राखलेले पैसे संपले, म्हणून माडी उघडली तेव्हा निम्म्या वस्तू उघड्या फळ्यांवर होत्या. एक रिकामा डबा ठेवला आहे. आत काय होते आणि ते इथे का नाही, हे त्याच्या पाटीवर लिहिले आहे. मुले तीच पाटी सर्वांत जास्त वाचतात.

तालमीतील वस्तूंची ओळख पटवणे वाड्यापेक्षा सोपे गेले, कारण इथे बसणाऱ्या म्हाताऱ्या पैलवानांना प्रत्येक मुदगल कोणाच्या हातचा हे सांगता येते. छायाचित्रांतील बहुतेक चेहऱ्यांना नावे मिळाली. ‘अ’ मालिकेतून आजही अधूनमधून एखादी वस्तू बाहेर येते. गेल्या महिन्यात एका लाकडी साच्याविषयी एका शिंपी कुटुंबाने सांगितले की तो स्टुडिओतील फेटे बसवण्याचा आहे, आणि तशाच साच्यावर बसवलेल्या फेट्यासह आजोबांचे छायाचित्र आणून दाखवले. ती नोंद शाईने झाली.

एक चांदीचे पदक मात्र राहिले आहे. त्यावर मैदानाचे नाव आणि ‘प्रथम क्रमांक’ एवढेच कोरलेले आहे, विजेत्याचे नाव नाही. दोन घराणी ते आपल्या आजोबांचे असल्याचे सांगतात, दोघांकडे साक्षीदार आहेत, दोघांचेही आजोबा त्याच तालमीचे होते आणि दोघे एकमेकांच्या लग्नकार्याला जातात. मंडळाने त्या रकान्यात दोन्ही नावे लिहिली आहेत, पेन्सिलीने.